झालं म्हटल्यानंतरचा फोटो

आवाज वेगळा आला. तरी सवयीने मी 'झालं' म्हणाले आणि जयवंताबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला. खांदे खाली आले, डोक्यावरचा पदर जरा मागे सरकला, तोंड किंचित उघडलं. याच क्षणासाठी माझं बोट बटणावर टपून बसलेलं असतं. मी दुसऱ्यांदा दाबलं. पुन्हा तोच आवाज, सुकलेली शेंग फुटावी तसा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर पाहिलं तर दोन्ही फोटोंचा वरचा सगळा भाग काळा. खाली मांडी आणि मांडीवर एकावर एक ठेवलेले दोन हात तेवढे लख्ख आलेले. तोंड नाहीच. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पडद्यावर चूक दाखवणारी पाटी आली. सपरीत, घरापुढच्या पडवीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर हिरवं लुगडं नेसून बसलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जयवंताबाईंनी विचारलं, "चांगला आला न पोरी?" आणि मी, खोटं बोललं की पाचवीच्या पोरांना बाकावर उभं करणारी मास्तरीण, म्हणाले, "छान आला." का म्हणाले? बाहेर त्यांचा मुलगा मोटरसायकल सुरू करून उभा होता, त्याला कापसाच्या गाडीमागोमाग आदिलाबादच्या मार्केटला जायचं होतं. आणि पुढच्या सोमवारी जयवंताबाईंना नागपूरला न्यायचं होतं, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. अशा माणसाला तुमचं तोंड आलं नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी कॅमेरा पिशवीत टाकला, चहा प्याले, आणि स्कूटी काढून बेल्याहून आदिलाबादला परत आले. अख्खा रस्ता कापसाच्या गाड्यांच्या मागे मागे गेला, आणि मला पुढे जायची घाई नव्हती.

आमच्या भागात याला भिंतीचा फोटो म्हणतात. साठी ओलांडलेला माणूस एक दिवस आपणहून म्हणतो, आता माझा भिंतीचा काढून ठेवा. चांगले कपडे घालून बसतो, फोटो निघतो, काचेच्या चौकटीत बसतो, जुन्या धोतरात नाहीतर लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी जातो. ज्याचा फोटो त्याने तो पाहायचा नाही. तो माणूस गेला की घरचे पेटी उघडतात आणि पहिल्यांदा पाहतात. मी दर रविवारी हेच करते, तेरा वर्षं. बेल्याच्या शाळेत मराठी शिकवायचं आणि रविवारी आजूबाजूच्या गावांत म्हाताऱ्यांची तोंडं गोळा करायची. वृषाली, माझ्याबरोबर शाळेत गणित शिकवते, ती मला यमाची मुनीम म्हणते. मला ते आवडतं, तिला वाटतं मी चिडते. पण त्या रविवारी घरी येऊन हातपाय धुतले तेव्हा लक्षात आलं की या रिवाजामुळे माझं खोटं किती सुरक्षित आहे. जयवंताबाई फोटो मागणारच नाहीत. मागच्या वर्षी नातवाच्या लग्नात त्यांचा कुणी मोबाईलवर काढलेला फोटो मी जरा स्वच्छ करून, चौकटीत घालून, धोतरात गुंडाळून दिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. कळलं असतं ते त्या दिवशी, जेव्हा विचारायला त्या नसत्या. इतकं सोपं खोटं मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटली.

कॅमेरा माझा नव्हताच, बाबांचा होता. बाबा, रामाजी, मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, चपराशी होते. दरखास्ती, पहाणीच्या, म्हणजे सातबाऱ्याच्या, नकला, रेशनचे अर्ज, सगळ्यांवर फोटो चिकटवायचा गोंद बाबांच्या टेबलावर असायचा. आयुष्यभर त्यांनी लोकांची तोंडं चिकटवली. ते म्हणायचे, या फोटोंमध्ये आपली माणसं चोरी करून धरल्यासारखी दिसतात. त्यांच्या स्वतःच्या आईचा, माझ्या सखूआजीचा, तर तसलाही फोटो नव्हता. ती जन्मभर दुसऱ्यांच्या मळ्यात राबली, जास्त करून याच जयवंताबाईंच्या सासऱ्याच्या वांग्याच्या मळ्यात, आणि कुणाला तिचा फोटो काढायची गरज पडली नाही. मला नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी हा डीएसएलआर आणला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, पहिला माझा काढ. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली खुर्ची ठेवून, पांढरा सदरा घालून ते बसले. मी दाबलं. तो आवाज, झाकण घट्ट बसल्यासारखा, खोलीभर झाला आणि बाबांनी श्वास सोडून विचारलं, "झालं का व?" मला काही येत नव्हतं, बोट घसरलं आणि दुसरा फोटो निघाला. पहिल्या फोटोत मंडल ऑफिसातला चपराशी होता. दुसऱ्यात माझे बाबा होते, काहीतरी विचारणारे. आज भिंतीवर तो दुसराच आहे. तेव्हापासून माझी रीत ठरली. पहिला फोटो लोकांसाठी, त्यांना कळावं की झालं. आवाज झाला, मी 'झालं' म्हटलं, की माणूस आपल्या तोंडात परत येतो. मग दुसरा. आवाज बिघडला म्हणजे माझी रीतच बिघडली, आणि खरं सांगायचं तर त्या आवाजात दर रविवारी मला बाबांचं 'झालं का व' ऐकू यायचं. ते आता येणार नाही, हे काळ्या फोटोपेक्षा जास्त लागलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने आवाज ऐकवायला सांगितला, दोनदा ऐकला, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला की आतली शटरची पात गेली आहे, नवीन मिळत नाही, ताई, इसमें पैसा मत डालो. मंगळवारी वृषालीने आपला मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. यात काय कमी आहे, म्हणाली, यात तर मागची भिंतसुद्धा धूसर होते. खरं आहे, काही कमी नाही. पण मोबाईल वर झाला की आमच्याकडची म्हातारी माणसं हसतात. नातवंडांनी तसं शिकवलंय त्यांना. हैदराबादला पाठवायचं तोंड ते, भिंतीचं नव्हे. बुधवारी वर्गाला निबंध लिहायला लावून मी टेबलाखाली कॅमेऱ्यांच्या किमती पाहत बसले, विषय होता 'माझा प्रामाणिक मित्र'. माझ्यापुढे दोनच रस्ते होते. एक म्हणजे जुन्याच जातीचा, कुणीतरी वापरून ठेवलेला, आरसा असलेला, आवाज करणारा. दुसरा म्हणजे हल्लीचा बिनआरशाचा, लहान, हलका, आणि जवळजवळ मुका. नवाकोरा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणजे दोन्ही रस्ते शेवटी कुणाच्या तरी जुन्या पिशवीतच जाणारे. माझं मन पहिल्या रस्त्याने केव्हाच चालायला लागलं होतं. तोच कॅमेरा, तोच आवाज, तेरा वर्षांमध्ये काही घडलंच नाही. एका मुलीने वही पुढे केली आणि विचारलं, बाई, प्रामाणिक कसं लिहायचं. मी लिहून दिलं आणि तिच्याकडे पाहायचं टाळलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर चंपतच्या दुकानात गेले. चंपत एके काळी आदिलाबादचा मोठा फोटोवाला, अर्ध्या गावाची लग्नं त्याच्या पेटीत आहेत. आता तिथेच मोबाईलचे कव्हर विकतो आणि कोपऱ्यात एक निळा पडदा लावून अर्जांचे फोटो काढतो. बाबांचा दोस्त, म्हणून मला बसायला स्टूल मिळालं. त्याने काउंटरवर वर्तमानपत्र अंथरलं आणि दोन कॅमेरे ठेवले. एक अगदी माझ्यासारखा, कमी वापरलेला. दुसरा त्याच्या पुतण्याचा, बिनआरशाचा, पुतण्या हैदराबादला मोठा कॅमेरा घेऊन लग्नांचे फोटो काढतो म्हणून हा इथे पडलेला. किमती दोन्हींच्या सारख्याच, माझ्या आवाक्यातल्या. मी पहिला उचलला आणि दाबला. झाकण घट्ट बसलं. बाबा खोलीत आले. माझे डोळे भरून आले तसं चंपतने पाठ केली आणि उगाचच कव्हर लावत बसला. थोड्या वेळाने तो तसाच पाठमोरा बोलला, "हा घेशीन त घे. पण याचे बी पार्ट आता येत नाई. चार-पाच वर्सानं पुन्हा इथंच उभी राहाशीन, अन् तवा म्या असन का नाई, कोणाले माईत."

मी दुसरा उचलला. हातात घेतल्यासारखाही वाटेना. दाबला तर जिभेने टाळूला हलकं टेकावं एवढाच आवाज, आणि तोही बंद करायची सोय होती. चंपतने मधे एक कडं बसवून बाबांचं जुनं भिंग त्याला लावून दाखवलं, म्हणजे भिंग तरी वाया जाणार नव्हतं. मग तो स्वतः निळ्या पडद्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, काढ माझा. मी डोळा लावला. आत एक लहानशी हिरवी चौकट चंपतच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसली. तो हलला, चौकट हलली. तो कव्हर घ्यायला वाकला, चौकट त्याच्याबरोबर वाकली आणि डोळ्याला सोडीना. मी कॅमेरा खाली घेतला. मला एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितलेली नव्हती. श्वास सोडला की माणूस हलतो. माझ्या दुसऱ्या फोटोंतले दहातले तीन हललेले यायचे, सपरीतल्या अपुऱ्या उजेडात तर चार. चाळिशी लागल्यापासून माझे डोळेही दगा देत होते. तेव्हा मी काय करायचे? पहिला फोटो द्यायचे. ताठ, चोरी करून धरलेला. धोतरात गुंडाळून. आजवर किती पेट्यांच्या तळाशी मी चपराशीच ठेवून आले होते? तेही खोटंच होतं, फक्त तोंडाने बोललेलं नव्हतं. मी आवाजाला इतकी धरून बसले होते की ज्यासाठी आवाज हवा तेच निसटत होतं. बाबांना आवाज हवा नव्हता. त्यांना तोंड हवं होतं. हे मला निळ्या पडद्यासमोर, कव्हरांच्या रबराच्या वासात, संध्याकाळी साडेपाच वाजता कळलं, आणि इतकं हलकं वाटलं की मी चंपतला चहा पाजला. मुका कॅमेरा घेतला. चंपत म्हणाला, "रामाजी असता तर हाच घेतला असता. मांगून तुले चार दिवस बोलला असता, पण घेतला असता."

रविवारी सकाळी जुना आणि नवा दोन्ही पिशवीत घालून निघाले. जुना का घेतला ते सांगता येणार नाही, तेरा वर्षं तो पिशवीत असतो म्हणून असेल. थंडी पडायला लागली होती, तुरीवर दव होतं. जयवंताबाई सपरीत बसून वांगी निवडत होत्या, किडकी बाजूला, चांगली टोपलीत. दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं होतं, तरी वांगी कुणी निवडायची हा प्रश्न होताच. मला पाहून त्यांनी टोपली सरकवली. मी समोर बसले. रस्त्यात चार वाक्यं घोटून ठेवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"आजी, तो फोटो नव्हता आला. क्यामेरा बिघडला होता. मी तुमाले खोटं सांगतलं."

त्यांनी हातातलं वांगं फिरवून पाहिलं, टोपलीत टाकलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मंग काय आलं त्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काळं आलं, तोंडच नाही. "तोंड नाई त मले पाहाले काय हरकत हाये? दाव." हे मला सुचलं नव्हतं. तेरा वर्षांमध्ये कुणीच फोटो पाहायला मागितलेला नव्हता. मी जुना कॅमेरा काढला, बंद-चालू केला, तो कसाबसा जागा झाला, आणि तो फोटो त्यांच्यापुढे धरला. वर काळोख, खाली हिरवं लुगडं आणि दोन हात, नखांत माती, अंगठ्यावर जुना चिरा. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, दूर धरला, जवळ आणला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या की हे तर सखूचे हात. तुझ्या आजीचे अस्सेच होते. काटे टोचून टोचून सगळ्यांचे सारखेच होतात. आम्ही दोघी एका ओळीत वांगी तोडायचो, एक या बाजूने, एक त्या बाजूने. मग खाली पाहत म्हणाल्या, "पाणी मात्र तिले वरून टाकत होतो. सासू उभी राहे. सासू मेल्यावर बी वरूनच टाकलं, सवय झाली होती. ते बी खोटंच होतं न पोरी." मला राग यायला हवा होता, आणि आला होता एके काळी, पुष्कळ. पण त्या सकाळी कुणीतरी माझ्या आजीचं काहीतरी मला परत आणून दिलं होतं, आणि ते मी दोन्ही हातांनी घेतलं. मी म्हटलं, आता बसा, उजेड चांगला आहे.

त्या आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आल्या. मी नवा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला, हिरवी चौकट त्यांच्या डोळ्यावर बसली. त्यांनी श्वास रोखला, मान ताठ केली, मंडल ऑफिसात आल्यासारख्या बसल्या. मी दाबलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, झालं. त्यांचा विश्वास बसेना, तशाच ताठ. एकदा फसलेल्या माणसाला माझं नुसतं 'झालं' कसं पुरेल? थोड्या वेळाने ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "काऊन थांबली व? काढ ना." मला हसू आलं, आणि रडू. मग मी पिशवीतून पुन्हा जुना काढला, त्यांना दिसेल असा डाव्या हातात उचलला, सुरू केला आणि दाबला. आत सगळं मोडलेलं होतं, पण शेंग फुटायची तशी फुटली, सपरीभर ऐकू आली. जयवंताबाईंनी श्वास सोडला. खांदे खाली आले. पदर सरकला. तोंड किंचित उघडलं, काहीतरी विचारायला. उजव्या हाताच्या बोटाने मी मुक्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. बाबांचा कॅमेरा त्या दिवशी आंधळा होता, पण कामावर होता. अजूनही आहे, दर रविवारी येतो.

जाताना त्यांनी बजावलं की तो हातांचा फोटोसुद्धा काचेत घालून आण, तो मी भिंतीवर लावणार. तोंड नाही म्हणजे तो मेल्यानंतरचा नाही. मी दोन प्रती काढल्या. एक आमच्या घरी बाबांच्या फोटोशेजारी लावली, त्या रिकाम्या जागी जिथे सखूआजीचं काहीच नव्हतं. कुणाचे हात म्हणून आम्ही ठरवलेलं नाही.

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा जयवंताबाई सपरीत खाटेवर होत्या, बारीक झालेल्या, वांगी निवडायची मनाई असलेल्या, आणि सुनेने निवडलेली वांगी पुन्हा निवडत असलेल्या. डोक्यावर भिंतीला ते हात. येणारा जाणारा विचारतो म्हणाल्या, कुणाचे, तर कधी माझे सांगते, कधी सखूचे. त्यांचा खरा फोटो मी आदल्या आठवड्यातच मुलाच्या हाती पाठवला होता, तो रीतीप्रमाणे गुंडाळून पेटीत गेला होता. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सून आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पाहाचा नाई, हे खरं. पण आयकाले त मनाई नाई. कसा आला ते सांग. खरं सांगजो."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. पदर मागे सरकला आहे, पांढरे केस दिसतात. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा लहान आहे. गळ्याजवळ लुगड्याला सुरकुती आहे, मी ती काढली नाही. कपाळावर तीन आठ्या. चेहऱ्यावर थोडी भीती आहे, दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं होतं ना, ती पण आहे. आणि तोंड जरासं उघडं, एखाद्या कामाला उशीर करणाऱ्या माणसाला हाक मारायच्या बेतात असल्यासारखं. हसू नाही, पण आता येईल असं वाटतं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावर उघडले. मग टोपलीतून एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं आणि बाजूला टाकलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मंग मीच हाये ते."